पंधरा मीटर, शून्य पॉईंट चौसष्ट

आधीच सांगून टाकतो, मी ऑलिंपिकला चाललेलो नाही. निवड नाही, शॉर्टलिस्ट नाही, वेटिंग लिस्टसुद्धा नाही. तरी आमच्या कॅलगरीतल्या मराठी ग्रुपवर गुच्छांवर गुच्छ येतायत, काल एका ताईंनी तर बर्फात नाचणारा गणपतीच पाठवला, आणि ज्यांच्यामुळे हे सगळं झालं ते काका प्रत्येक गुच्छाखाली स्वतःच हात जोडून आभार मानतायत.

तर झालं असं की बॉबस्लेची, म्हणजे बर्फाच्या उतारावरून स्लेजमध्ये (घसरगाडीत) बसून खाली यायच्या शर्यतीची, खुली निवड चाचणी होती. मी शंभर मीटरवाला. पुण्यात असताना दहा पॉईंट नऊ पळायचो, म्हणजे नातेवाइकांना सांगायला भारी आणि नॅशनलच्या फायनलच्या आसपाससुद्धा न फिरकणारं. इथे येऊन नोकरी लागली, सिटिझनशिप झाली, पाय मात्र अजून शिवशिवतात. आणि बॉबस्लेवाल्यांना आमच्यासारखे लोक लागतात कारण ती आधी ढकलायची असते, पहिले पन्नास मीटर, पाचेक सेकंदांत, आणि तिथे गमावलेला दशांश खाली पोचेपर्यंत तिप्पट होतो म्हणतात. लॉरिन विल्यम्स बघा, अथेन्सला १०० मीटरचं रौप्य, लंडनला रिलेचं सुवर्ण, मग २०१३ मध्ये पहिल्यांदा बॉबस्लेला हात लावला आणि २०१४ च्या सोचीत ढकलून ढकलून रौप्य. सोनं फक्त ०.१० सेकंदाने हुकलं. तर म्हटलं आपणही बघू.

ट्रेनिंगचं फार सांगत नाही, कंटाळवाणं असतं. स्क्वॉट, पॉवर क्लीन, आणि जिममधल्या हिरव्या कार्पेटवर लोखंडी स्लेज ढकलणं, बाजूला बायका योगा करत असतात आणि आपण तिथे घर्र घर्र आवाज करत, लाळ गाळत फिरतोय. सगळ्यात त्रास वाकून पळण्याचा. बालेवाडीच्या ट्रॅकवर सर आयुष्यभर ओरडत राहिले, "उंच पळ, कंबर वर!", बालेवाडी म्हणजे १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं संकुल, आम्ही पेठेतून दोन बस बदलून तिथे जायचो, सिंथेटिकवर पळायला मिळावं म्हणून, आणि परत येईपर्यंत पाय असे आखडायचे की वर्कआउट केला की बसप्रवास हेच कळायचं नाही. एवढं करून घरी प्रश्न एकच, यातून नोकरी लागेल का. असो. तर दहा वर्षं कंबर वर, आणि आता हे म्हणतात कंबर खाली, डोकं खाली, ढकल.

चाचणीच्या दिवशी नेमकी गाडी मेकॅनिककडे. काका म्हणाले मी सोडतो. सोडतो म्हणाले होते, हे लक्षात घ्या. इनडोअर ट्रॅकच्या दारात मी बॅग घेऊन उतरलो, थँक्यू काका म्हटलं, तर हे डिकी उघडून घडीची खुर्ची काढतायत. मग थर्मास. मग शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. "अरे, एवढं आलोच आहे तर."

आत एकूण एक पोरं राक्षस. फुटबॉलवाले, रग्बीवाले, एक गोळाफेकवाला, त्याची मांडी माझ्या कंबरेएवढी. कोच स्वतः जुना ब्रेकमन, म्हणजे स्लेज मागून ढकलणारा आणि शेवटी ब्रेक लावणारा, दारातून तिरका होऊन आत येणारा. वजन घेतलं, एकाहत्तर. कोचने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत काट्याकडे, आणि फार प्रेमाने म्हणाला, "छान. छोटासा आहेस."

छोटासा! मी पावणेसहा फूट आहे.

आता यामागचं गणित मला माहिती होतं, त्यामुळे जास्तच झोंबलं. चौघांची स्लेज माणसांसकट ६३० किलोपर्यंत चालते, दोघांची ३९०. उतारावर जड ते बरं, म्हणून सगळे त्या आकड्याला टेकायला बघतात. माणसं हलकी भरली तर स्लेजमध्ये शिशाची नाहीतर लोखंडाची वजनं ठेवतात, आणि मग ती जड झालेली स्लेज ढकलायची कोणी, तर त्याच हलक्या माणसांनी. त्यापेक्षा वजन ढकलणाऱ्याच्याच अंगावर असलेलं बरं, ते निदान स्वतःच्या पायांनी पळतं. २०१८ ला पिआँगचांगला कॅनडा आणि जर्मनीच्या दोघांच्या टीमची चार राउंडनंतर अगदी सेम वेळ आली, दोघांना सुवर्ण, त्यातला कॅनडाचा ब्रेकमन अलेक्झांडर कोपाच हा मुळात गोळाफेकवाला. कोचने मला हेच उदाहरण दिलं. शेजारचा गोळाफेकवाला माझ्याकडे बघून हसला.

इथे काका मध्ये पडले.

"सर, वजनाचं माझ्यावर सोडा."

कोच म्हणाला, आपण कोण?

"मी याच्या घरचाच. ऑक्टोबरपर्यंत नव्वद करून देतो. लेखी हवं का?"

कोचने विचारलं, तुम्ही न्यूट्रिशनिस्ट आहात का. काका म्हणाले, नाही, रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, आणि डबा पुढे केला. कोचने लाडू घेतला. चावला. डोळे मोठे केले. दुसरा घेतला. मी तिथे चड्डी-बनियनवर, हातात नाव लिहिलेला कागद धरून उभा, आणि माझ्या डोक्यावरून शेंगदाण्यातल्या प्रोटीनवर चर्चा चाललेली.

मग काका व्यवहारावर आले. "हा सिलेक्ट झाला तर पगार किती?" कोच हसला. म्हणाला, सुरुवातीला खेळाडूंनाच टीम फी भरावी लागते, शिवाय बूट, हेल्मेट, प्रवास, बरंचसं आपापल्या खिशातून. काकांनी हे दोनदा विचारून पक्कं केलं आणि माझ्याकडे वळून मराठीत, पण पूर्ण हॉलला ऐकू जाईल असं, "अरे, हे आपल्याकडूनच घेतात!" मग जरा विचार करून, "आणि ढकलायचंही आपणच?"

"हो काका."

"म्हणजे बंद पडलेल्या जीपला धक्का मारायचा, चालू झाली की पळत पळत आत चढायचं, आणि वर पैसे द्यायचे. कोकणात हे आम्ही दर मे महिन्यात फुकट करायचो."

वैताग म्हणजे हे ऐकून मला हसू आलं, आणि वॉर्मअपमध्ये हसलं की पोटऱ्या सैल पडतात, निदान माझ्या तरी.

मी उड्या-स्ट्रेचिंग करेपर्यंत काकांनी बाकीच्या पोरांना गोळा करून १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकची गोष्ट सुरू केली होती. "जमैकाची बॉबस्ले टीम इथे कॅलगरीत पडली तेव्हा मी त्या वळणावरच उभा होतो, माझ्यापासून इतकंच लांब." (१९८८ साली या गावात असलेला प्रत्येक माणूस त्याच वळणावर उभा होता, एवढी गर्दी तिथे मावली कशी हे मला अजून कळलेलं नाही, आणि तो ट्रॅक २०१९ ला बंद झाल्यामुळे आता खात्रीही करता येत नाही.) काकांचा आवडता मुद्दा त्यातला ख्रिस स्टोक्स. तो स्प्रिंटर, पण आला होता भावाला बघायला, प्रेक्षक म्हणून, टीममधला एकजण जखमी झाला आणि याला घेतलं. "बघायला आलेला माणूस ऑलिंपिक खेळला!" असं म्हणून काकांनी थर्मासचं झाकण लावलं आणि पोट आत घेतलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

उभ्याने लांब उडी झाली, बरी झाली. दोन पायांमधून मागे झुकून गोळा वर फेकायचा असतो, तो पण झाला, त्याबद्दल न बोललेलं बरं. मग माझी गोष्ट, तीस मीटर. सुरुवातीला, पंधरावर आणि तीसवर दोन-दोन खांब, मधून प्रकाशाचा किरण, तो तुटला की वेळ नोंदवली जाते. मी लाइनवर आलो. हे तरी माझं होतं. इथे कोणाचं वजन मोजत नाहीत.

आणि काय सुटलो म्हणून सांगू. पुण्यात इतकी वर्षं पळलो, पण असा स्टार्ट कधी लागला नव्हता. पहिलं पाऊल पडलं तेव्हाच कळलं, जमीन मागे गेली, दुसरं, तिसरं, डोकं खाली, कुठेही काहीही अडकत नाहीये. आणि डोकं वर उचलतो तर समोर काका. पंधरा मीटरच्या खांबांच्या बरोब्बर मध्ये, मोबाईल उभा धरून व्हिडिओ काढतायत, आणि मला हाताने खुणावतायत, ये, ये.

मी बाजूने गेलो. थांबलोच नाही, तीसपर्यंत पळालो. बोर्डवर आलं, पंधरा मीटर, ०.६४ सेकंद.

हॉलमध्ये शांतता. मग कोच म्हणाला, "हं, स्टार्ट असावा तर असा." सगळे राक्षस खो खो हसले. काकांना वाटलं कौतुक चाललंय. त्यांनी बोर्डचा फोटो काढला.

फोटो ग्रुपवर गेला. खाली, "आपल्या मुलाने पंधरा मीटर ०.६४ सेकंदात पार केले!! ऑलिंपिक टीमचे कोच अत्यंत प्रभावित!!" आमच्या ग्रुपमध्ये इंजिनियर किती आहेत विचारू नका, दगड मारला तर इंजिनियरला लागेल, पण हिशोब करावासा कोणाला वाटला नाही. एकाने केला शेवटी. त्याने लिहिलं, ताशी ८४ किलोमीटर होतात, बोल्टच्या सर्वोच्च वेगाच्या जवळपास दुप्पट. त्यावर काकांचा अंगठा आणि "अभिमानास्पद."

मला परत पळायला लावलं. मध्ये जेमतेम विश्रांती, कारण रांगेत माणसं होती आणि गेट काकांच्या पोटाला लागून सरकलं होतं तेही परत जुळवायचं होतं. दुसऱ्या वेळी मांडी मागून धरली, स्टार्टला पाय घसरल्यासारखा झाला, वेळ आली ती माझ्या नेहमीच्यापेक्षाही वाईट. कागदावर तीच लिहिली. मी कोचला म्हटलं, आधीचा रन चांगला होता. तो म्हणाला, असेल, पण मोजला गेला नाही. बरोबरच बोलला तो, चिडायला काही जागाच नाही, आणि त्याचंच जास्त डोकं फिरतं. इतकी वर्षं घासून एकदा तो स्टार्ट लागला आणि त्याची नोंद कुठेच नाही, आणि जी नोंद आहे ती काकांच्या पोटाची आहे, ती गावभर फिरतेय. आई सुद्धा फोनवर म्हणाली, मावशीने पाठवलं, चौसष्ट आले म्हणे, चांगले आहेत ना? मी हो म्हटलं.

आणि खरं सांगायचं तर सगळेच असं वागतात, पळणारा काय करतोय हे बघायला कोणी येत नाही, त्याच्या शेजारी फोटोत उभं राहायला येतात. शिवा केशवनने १९९८ ते २०१८ सहा हिवाळी ऑलिंपिक भारताकडून लूज (छोट्या स्लेजवर उताणं झोपून बर्फावरून घसरायचा खेळ) खेळलं, हिमालयातल्या रस्त्यांवर, चाकं लावलेल्या स्लेजवर, ट्रकच्या मधून सराव करून, आणि आमच्या ग्रुपवर त्याचं नाव मी परवा टाकलं तर पहिला प्रश्न आला, हा कुठला पंजाबी का?

निकालाची मेल आली. धन्यवाद, वेगाबद्दल दोन शब्द, वजनाबद्दल चार ओळी, जमल्यास पुढच्या वर्षी या. मी ती मेल काकांना दाखवायला गेलो, म्हटलं आता तरी ग्रुपवर खुलासा टाका. काका दारात आले तेच निळा टीशर्ट घालून, छातीवर मोठ्या अक्षरात व्हॉलंटियर. पुढच्या महिन्याच्या चाचणीला कोचने बोलावलंय, लांब उडीची टेप धरायला. लाडू घेऊन या म्हणालाय.

"खुलाशाचं बघू रे," काका म्हणाले. "त्या दिवशी आमची गाडी मुलगी नेणार आहे. तू सोडशील ना मला?"