‘डक’ कापडात बदकाची पिसं नसतात

कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘कॅनव्हासच्या पिशवीवर डक असं लिहिलेलं असेल तर ती बदकाच्या पिसांची आहे, शाकाहारी लोकांनी घेऊ नये.’ हे खरं नाही.

डक हे जाड, घट्ट विणीचं सुती कापड. पूर्वी ते जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचंही विणत. हे नाव डच भाषेतल्या ‘डूक’वरून आलं, त्याचा अर्थ कापड. खलाशांच्या विजारी आणि लहान शिडं याचीच असत. पक्ष्याचं डक हे नाव वेगळ्याच मुळाचं, डुबकी मारणं या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदातून आलेलं. मान खाली घालून चेंडू चुकवणं तेही डक. क्रिकेटमधला भोपळा, म्हणजे शून्यावर बाद होण्याचं डक, मात्र खरोखर बदकाशी जोडलेला आहे, कारण शून्य बदकाच्या अंड्यासारखं दिसतं.

शंका असेल तर पिशवीच्या आतल्या कडेवरून कापडाचाच (शिलाईचा नव्हे) एक धागा उसवा, चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो, मऊ करडी राख उरते. पीस जाळलं तर केस जळल्याचा उग्र वास येतो आणि काळी ठिसूळ गुठळी होते.

ज्यांनी श्रद्धेपोटी काळजी केली त्यांचं मन मी समजू शकते. पण महाद्वार रोडवर पिशव्या विकणाऱ्या बायकांचं पोट त्यावर आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.