क्राउन मोल्डिंग ‘एका रविवारी’? आपल्या भिंतींना आधी विचारा

दिवाळीच्या रंगकामाचे दिवस आले की एक मेसेज फिरायला लागतो. "हॉलमध्ये क्राउन मोल्डिंग लावायला कारागीर कशाला? पट्ट्या 45 अंशांत कापा, गोंदाने चिकटवा, फटी सिलिकॉनने भरा. एका रविवारी काम फत्ते, आणि छतही उंच दिसेल!" भिंत आणि छत मिळतात तिथली ही नक्षीची पट्टी, म्हणजे आपलं कॉर्निस, घरच्या घरी लावता येतं. त्यावर वाद नाही. पण हा सल्ला लाकडी सांगाडा आणि जिप्सम बोर्डाच्या घरांसाठी आहे. नागपुरात बेसा किंवा मनीषनगरच्या विटा-सिमेंटच्या फ्लॅटमध्ये तो पदोपदी अडतो.

आधी 45 अंशांचं बघू, कारण पट्ट्या सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात. हे गणित कोपरा बरोबर 90 अंशांचा असेल तरच जुळतं. प्लास्टर करताना कोपऱ्यात माल थोडा जास्त चढतोच. गुण्या लावून पाहा, काटकोन क्वचितच सापडेल. समजा कोपरा 92 अंशांचा आहे आणि पट्टी छताकडे 3 इंच पुढे येते. मग दोन्ही तुकडे भिंतीजवळ नीट मिळतील, पण छताकडे फाकत जातील आणि टोकाला एक सुतापेक्षा जास्त फट दिसेल. कोपरा 88 चा असला तर उलट, फट खाली भिंतीजवळ पडते. म्हणून चांगल्या पट्टीला हात लावण्याआधी वीतभर लांबीचे दोन वाया तुकडे कापून प्रत्येक कोपऱ्यात धरून बघायचे.

दुसरी गोम म्हणजे ही पट्टी भिंतीला सपाट टेकत नाही, तिरपी बसते. टेबलावर आडवी ठेवून 45 ला कापली तर कोपरा जन्मात जुळणार नाही. मायटर बॉक्समध्ये (कोनात कापण्यासाठी खाचा असलेल्या पेटीत) ती उलटी धरायची: छताची कड तळाला, भिंतीची कड उभ्या फळीला. मग 45 चा काप कामाचा. लाकूड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असेल तर जुने सुतार आतल्या कोपऱ्यात दोन्ही तुकडे तिरके कापतच नाहीत. एक तुकडा सरळ कोपऱ्यात भिडवतात आणि दुसऱ्याचं टोक बारीक पात्याच्या करवतीने पहिल्याच्या नक्षीबरहुकूम कोरतात. कोपरा दोन अंश इकडेतिकडे असला तरी सांधा मिटलेला दिसतो. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

आता गोंद. गोंद भिंतीला नाही, रंगाला चिकटतो. शहरातल्या महाल भागातल्या जुन्या घरांत चुन्याचे थरावर थर असतात, कितीतरी फ्लॅटमध्ये साधा डिस्टेंपर असतो. हाताला पांढरं लागतं ना, तेच. पट्टी पडते तेव्हा रंगाची पापुद्री घेऊनच पडते. तेवढा पट्टा खरवडून प्राइमर मारल्याशिवाय गोंदाची बाटली उघडू नका. थर्माकोलच्या पट्टीला रेक्झिन-फोम चिकटवायचं उग्र वासाचं पिवळं सोल्यूशन लावलं तर थर्माकोल विरघळतोच. आणि थर्माकोल पेट घेतो, तेव्हा देवघरावर किंवा गॅसजवळ तो नकोच.

लाकूड आणि एमडीएफ नुसत्या गोंदावर टांगणं मला तरी पटत नाही. परदेशी व्हिडिओत खिळे भिंतीमागच्या लाकडात बसतात. आपल्याला ड्रिल, गिट्टी (छिद्रात ठोकायची प्लास्टिकची खुंटी) आणि स्क्रू लागतो. स्विचबोर्डाच्या सरळ वर छिद्र पाडू नका, वायरिंगचा पाइप बहुधा तिथूनच उतरलेला असतो.

सिलिकॉनवर रंग धरत नाही. फटीसाठी रंगवता येणारं ॲक्रिलिक सीलंट घ्या, विषय संपला.

नागपूरच्या हवेचं मात्र मेसेज लिहिणाऱ्याला काय ठाऊक असणार! मे महिन्यात पारा 45 च्या पुढे (2024 मध्ये 56 अंशांचा आकडा गावभर फिरला होता, तो सेन्सरचा बिघाड होता, फॉरवर्डचं असंच असतं), घरात कूलरचा ओलावा, मग जूनमध्ये पाऊस. लाकूड ओल पिऊन फुगतं, कोरडं पडलं की आकसतं. पावसाळ्यात घट्ट बसवलेला सांधा एप्रिलमध्ये उघडतो. लकडगंजच्या लाकूडबाजारातून पट्ट्या आणल्या की काही दिवस त्याच खोलीत आडव्या पडू द्या.

छत उंच दिसतं हे नऊ-दहा फुटी खोलीत अर्धवटच खरं. पाच-सहा इंची जाड, गडद पट्टी उलट छत खाली ओढते. अशा खोलीत तीन इंची पट्टी, तीही छताच्याच रंगात.

राहिला एक रविवार. आठ फुटी पट्टी घोडीवर चढून एकट्याने धरता येत नाही, दुसरा माणूस हवाच. प्राइमर, पुट्टी, रंग यांच्या वाळण्यात वेळ जातो. हॉलमध्ये बीम खाली उतरलेला असेल तर बाहेरचे कोपरेही आले. नवख्याने बीम नसलेली चौकोनी बेडरूम निवडावी, पीयूची (पॉलियुरेथेन फोमची) हलकी पट्टी घ्यावी आणि मापापेक्षा दहा टक्के जास्त आणावी. ओल्या पीओपीत फर्मा (नक्षीचा साचा) ओढून कॉर्निस काढायचं असेल तर मिस्त्रीच बोलवा, माल हातातच घट्ट व्हायला लागतो. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर त्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या. स्लॅब झिरपला की पीओपी फुगून भुसभुशीत होतं.