एंडिंग राहिलं

अरेंजर कीबोर्ड वाजवणारा माणूस दिसतो एकटा, पण त्याच्या डाव्या हाताखाली अख्खा वाद्यवृंद बसलेला असतो. त्याने कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले काही स्वर, धरली की ड्रम, बेस, गिटार, व्हायोलिन असा सगळा ताफा त्या कॉर्डमध्ये वाजायला लागतो. ताफ्याने काय वाजवायचं हे ज्या फाइलीत लिहिलेलं असतं, तिला स्टाइल म्हणतात. लोकांनी बनवलेल्या अशा स्टाइल्स गोळा करायच्या, तपासायच्या आणि मागेल त्याला फुकट द्यायच्या, हा माझा उद्योग. पूर्वी मी कीबोर्डही वाजवायचो.

स्टाइल दान करताना लोक मागेपुढे पाहत नाहीत. फाइलीच्या आत तर अजिबातच पाहत नाहीत. नावं येतात ती 'न्यू', 'न्यू न्यू', 'फायनल' आणि 'फायनल आधीची नको ही घ्या' अशी. सोबत एक ओळ : "सर, कडक बीट आहे, टाका." कसला बीट, तीनचा की चारचा, लय काय, कोणत्या कीबोर्डवर चालतो, हे शोधायचं काम माझं. विचारलं तर उत्तर येतं, "वाजवून बघा ना, कळेल."

वाजवायला आधी ती उघडायला तर हवी! १९८३ मध्ये मिडी ही वाद्यांची सामाईक भाषा आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. १९९१ च्या जनरल मिडीने १२८ आवाजांना नंबरही वाटून दिले. स्टाइलच्या बाबतीत मात्र प्रत्येकाने आपली चूल वेगळीच मांडली. कॅसिओच्या फाइलीच्या नावापुढे एसी७, रोलँडच्या एसटीएल. यामाहा आणि कॉर्ग या दोघांच्या फाइलींपुढे एसटीवाय हीच अक्षरं असतात, पण आडनाव सारखं म्हणून एकाच्या घरी दुसऱ्याला पाठवावं, तर तो उंबऱ्यावरूनच परत येतो. मग मला कळवलं जातं की तुमची फाइल सडकी आहे. फाइल ठणठणीत असते. फक्त ती घेणाऱ्याच्या कीबोर्डची नसते.

उघडली, तरी खरी करमणूक पुढेच. स्टाइलमधला बेस कॉर्डबरोबर सरकायला हवा, ड्रमने मात्र जागचं हलायचं नसतं. कारण ड्रम किटमध्ये प्रत्येक पट्टीवर वेगळं वाद्य बसवलेलं आहे. म्हणून बनवणाऱ्याने ड्रमच्या ट्रॅकला 'बायपास', म्हणजे कॉर्डकडे लक्ष न देण्याची सूचना, लावायची असते. हे साधं कलम वगळून मोठ्या प्रेमाने बनवलेली एक स्टाइल माझ्याकडे आली. सी कॉर्डवर झकास वाजत होती. डी धरला आणि बेस ड्रमच्या जागी स्नेअर वाजायला लागला, कारण जनरल मिडीच्या ड्रम किटमध्ये ३६ नंबरच्या पट्टीला बेस ड्रम, तर ३८ ला स्नेअर. ई फ्लॅटवर गेलो तर ३९ नंबर, म्हणजे टाळ्या. मी जी जी कॉर्ड बदलत होतो, तिकडे तिकडे वादक उठून भलत्याच्याच वाद्यावर जाऊन बसत होता. बनवणाऱ्याला कळवलं. तो म्हणाला, "सर, टाळ्या येतात म्हणताय, म्हणजे चांगलंच झालंय की!"

त्याने ती फक्त सीमध्येच वाजवून पाहिली होती. बरेच जण तेवढंच करतात. काळ्या पट्ट्या पाठवणाऱ्यांसाठी नसून तपासणाऱ्यांसाठी असतात, असं माझं मत झालंय.

गिटारची तऱ्हा आणखी वेगळी. यामाहाच्या वरच्या मॉडेल्समध्ये मेगाव्हॉइस नावाचे आवाज असतात. स्वर किती जोरात आला यावर तार मोकळी वाजणार, दाबलेली वाजणार की घसरणार हे ठरतं. तारांवरून हात फिरल्याचा खरखराटसुद्धा वरच्या पट्ट्यांवर बसवलेला असतो. तीच स्टाइल मेगाव्हॉइस नसलेल्या कीबोर्डवर लावली की खरखराटाच्या जागी अतितार सप्तकातले खणखणीत स्वर निघतात. गिटारवाल्याच्या कानात कुणीतरी शिट्टी वाजवतंय आणि तो तरीही इमानाने वाजवतोय, असं काहीतरी ऐकू येतं. मग दोन पत्रं येतात. एक पाठवणाऱ्याचं : "माझी स्टाइल अजून का नाही टाकली?" दुसरं घेणाऱ्याचं : "ही का टाकली?"

चोरी पकडायला मात्र फार डोकं लागत नाही. कंपनीने कीबोर्डमध्ये भरून दिलेली स्टाइल कंपनीच्या मालकीची, ती मला वाटता येत नाही. लोक काय करतात, फाइलीला नवं नाव देतात आणि "रात्र रात्र जागून बनवली" म्हणून पाठवतात. यामाहाची स्टाइल पोटातून मिडी फाइलच असते आणि तिचं मूळ नाव आतही लिहिलेलं असतं. तिथवर हे रात्रजागे पोचत नाहीत. एकाला मी ते आतलं नाव कळवलं. उत्तर आलं, "सर, प्रेरणा घेतली आहे." प्रेरणा इतकी सखोल होती की एकही स्वर इकडचा तिकडे झाला नव्हता.

आणि एंडिंग! स्टाइलचे भाग ठरलेले : सुरुवातीचा इंट्रो, गाण्याखाली वाजणारे चार मेन, त्यांना जोडणारे फिल-इन, क्षणभर थांबवणारा ब्रेक आणि शेवटी एंडिंग. इंट्रोवर लोक जीव ओवाळून टाकतात. झांजा काय, व्हायोलिन काय! पहिला मेन झोकात असतो, दुसरा बरा. तिसऱ्यात फक्त एक शेकर वाढवलेला, चौथा म्हणजे पहिलाच, जरा मोठ्या आवाजात. तिथवर बनवणारा थकतो. एंडिंगची जागा रिकामी. म्हणजे गाणं संपवायचं तर स्टॉपचं बटण दाबायचं आणि वीज गेल्यासारखा चेहरा करायचा.

एका दानशूराच्या मी एंडिंगसाठी फारच मागे लागलो. "सर, लोक नाचायला लागले की थांबवायचं कशाला?" इथपासून "स्टॉपचं बटण कंपनीने उगीच दिलंय का?" इथपर्यंत आमचा वाद झाला. अखेर नवी फाइल आली, नाव 'एंडिंगसकट'. मी आशेने एंडिंगचं बटण दाबलं. झांजा झाल्या, व्हायोलिनं चढत गेली, मी पुढच्या ओळीसाठी कॉर्ड धरून बसलो, आणि सगळं बंद. त्याने इंट्रोच उचलून तिथे चिकटवला होता.

नियमात कुठेच अडकत नव्हती. संग्रहात टाकली.

सध्या तीच सगळ्यांत जास्त मागितली जाते.