आधारची झेरॉक्स आणि न्यायालयाचे नाव

लालबागला राहणाऱ्या माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात घरातल्या चौघांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स प्रती सोसायटीच्या कार्यालयात नेऊन दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने आधार सगळीकडे सक्तीचे केले आहे, ते नागरिकत्वाचा पुरावा आहे, सगळ्या प्रगत देशांत असे ओळखपत्र असतेच आणि ज्याला लपवण्यासारखे काही नाही त्याने ते द्यायला कचरू नये, असा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा संदेश तिने खरा मानला होता. तो माझ्याकडे याआधीही आला होता. या वेळी गप्प राहवत नाही.

न्यायालयाच्या नावावर खोटे खपवणे सर्वांत घातक, म्हणून आधी तेच. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ४ विरुद्ध १ मताने आधार कायदा वैध ठरवला, एवढाच भाग संदेशकर्त्याने उचलला आहे. त्याच निकालाने खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी कलम ५७ मधील तरतूद रद्द केली, बँकखाते आणि मोबाइलचे सिम आधारशी जोडण्याची सक्ती उठवली आणि शाळाप्रवेशासाठी ते अनिवार्य करता येणार नाही असे सांगितले. सरकारी अनुदानासाठी आणि पॅनशी जोडण्यासाठीची सक्ती मात्र न्यायालयाने कायम ठेवली, हे नाइलाजाने का होईना, मान्य केले पाहिजे. पण जिथे बँकेलाही सक्ती करता येत नाही, तिथे सोसायटीच्या समितीला ती करण्याचा अधिकार कोणी दिला? संदेशाचा आधार घेऊन आता धुणीभांडी करणाऱ्या बायकांनाही कार्डाची प्रत दिल्याखेरीज फाटकातून आत सोडायचे नाही असे ठरते आहे, आणि ज्यांचा त्या दिवसाचा रोजगारच त्या फाटकावर अवलंबून आहे, त्या नकार देणार तरी कशा?

लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली, हा प्रश्नच चुकीचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो गुन्हेगारांच्या सोयीसाठी नव्हे. आधार देणारे प्राधिकरणच पहिले आठ अंक झाकलेले कार्ड उतरवून घेण्याची सोय देते. अंक झाकण्यात काही गैर असते तर ती सोय दिलीच नसती.

नागरिकत्वाबद्दल २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ९ वाचावे: आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. आणि प्रगत देशांचे म्हणाल, तर ब्रिटनने २००६ मध्ये ओळखपत्राचा कायदा केला आणि २०१० मध्ये तो रद्द करून जमवलेली माहितीही नष्ट केली.

रविवारी मावशीला अंक झाकलेले कार्ड काढून दिले, तिच्या बोटांच्या ठशांचा वापर ऑनलाइन बंद केला आणि दिलेल्या प्रती परत मागणारे पत्र सचिवांना नेऊन दिले. चारपैकी तीन प्रती मिळाल्या. तिच्या नातीची अजून सापडलेली नाही.