ग्रामसभेने हो म्हटलंय? मग ठराव दाखवा की

परवा मामेभावाने फॅमिली ग्रुपवर गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखाणीचा तो मेसेज टाकला, तुमच्याकडेही फिरत आला असेल. त्यात म्हटलंय की जमिनीखालचं लोखंड सरकारचं, त्यामुळे आदिवासींना विचारायची कायद्यात गरजच नाही, तरी जनसुनावणी घेतली, पंचायतीनेही ना-हरकत दिली, आणि आता जे ओरडतायत ते सगळे नक्षल्यांच्या सांगण्यावरून. खाली तीन तिरंगे. ग्रुपवर भांडायचं नाही अशी घरातून ताकीद आहे म्हणून इथे लिहितोय.

आधी ते 'खनिज सरकारचं'. खाणीची लीज सरकार देतं हे खरं, पण 2013 च्या जुलैमध्ये केरळातल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जमिनीखालची सगळी संपत्ती आपोआप सरकारची होते असा कुठलाही कायदा नाही. बरं, धरून चालू सरकारचं. लोखंड काढायला वरचा डोंगर फोडावाच लागतो ना, आणि वर काय आहे ते मे महिन्यात सूरजागडच्या एटापल्ली तालुक्यात जाऊन बघा. पहाटे अंधारातच बाया तेंदूपानाला जंगलात शिरतात, दुपारी म्हातारी-पोरं सगळी ओसरीत बसून पानं जुळवतात, सत्तर पानांचा एक पुडा, आणि संध्याकाळी तो फळीवर, म्हणजे पानं खरेदीच्या जागी, मोजून द्यायचा. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा ही पानं आता स्वतः विकतात. शिवाय सूरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकुरदेव आहे, जानेवारीत तिथे जत्रा भरते. या जंगलावरचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केलाय, कुणी मेहेरबानी केलेली नाही. आणि खाणीसाठी जंगल देण्याआधी ग्रामसभांची संमती जोडा असं केंद्राच्याच पर्यावरण मंत्रालयाने 3 ऑगस्ट 2009 च्या पत्रात लिहिलंय. म्हणजे 'गरजच नाही' हे सरकारी कागदावरच खोटं ठरतं. (2022 च्या वनसंवर्धन नियमांनी ही संमती बघायची जबाबदारी केंद्राने राज्यांवर ढकलली, ते वेगळंच दुखणं, पण वनहक्क कायदा जागेवरच आहे.)

आता जनसुनावणी. ही पर्यावरण मंजुरीसाठीची पायरी आहे, लोकांचं म्हणणं नोंदवून वर पाठवायचं, बस. शंभर जण 'नको' म्हणाले तरी ती पार पडली असंच धरतात. आणि ती प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळ घ्यायची असा 2006 च्या अधिसूचनेतच नियम आहे. सूरजागडच्या वाढीव उत्खननाची 2021 ची सुनावणी कुठे झाली? गडचिरोलीत, जिल्ह्याच्या ठिकाणी, खाणीपासून शंभरावर किलोमीटर! आतल्या पाड्यावरच्या माणसाने आधी एसटीपर्यंत चालत यायचं, मग दिवसभराची मजुरी बुडवून तिथे जायचं आणि मराठीत बोलायचं, घरात माडिया बोलणाऱ्याने.

पंचायतीच्या ना-हरकतीवर तर लोक हमखास फसतात. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सात-नऊ सदस्य आणि सचिव. ग्रामसभा म्हणजे गावातला प्रत्येक मतदार, आणि आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्यात एकेका पाड्याचीसुद्धा वेगळी ग्रामसभा होऊ शकते. वनहक्काच्या नियमांत कोरम आहे निम्म्या सभासदांचा, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. सरपंचाच्या लेटरहेडवरचा शिक्का म्हणजे संमती नाही, सोसायटीच्या चेअरमनने सही केली म्हणून तुमचा फ्लॅट विकला जातो का?

राहिलं नक्षल्यांचं. त्यांचा या खाणीला विरोध आहे, 2016 च्या डिसेंबरात त्यांनी सूरजागडला कितीतरी ट्रक जाळले, हे कोण नाकारतंय? पण म्हणून ग्रामसभेचा 'नको' आपोआप त्यांचा कसा होतो? ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीला डोंगरिया कोंध आदिवासींचा विरोध होता, तिथेही माओवाद्यांचं नाव घेऊन झालंच होतं. 2013 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ग्रामसभांनाच ठरवू द्या. मग बारा गावांत, उघड्यावर, जिल्हा न्यायाधीशांच्या देखत सभा झाल्या. बाराच्या बारा गावांनी नकार दिला, आणि 2014 च्या जानेवारीत मंत्रालयाने प्रकल्प नाकारला. तिथे 'नाही' म्हटल्यावर खाण थांबली, म्हणून ते विचारणं खरं.

रोजगाराचं म्हणाल तर काही पोरांना कामं मिळाली, खोटं कशाला बोलू. लोहखनिजाच्या ट्रकांनी आष्टी-आलापल्ली रस्त्याचं काय केलं तेही त्याच पोरांना विचारा. पण काम मिळालं म्हणून आधी विचारायचं राहिलं ते भरून निघत नाही ना.

मामेभावाला एवढंच लिहिलंय की ठरावाचा फोटो टाक: कुठलं गाव, कुठली तारीख, किती सह्या-अंगठे, त्यात बायकांचे किती. सकाळपासून दोन निळ्या टिका दिसतायत.