दार उघडेना, दार लागेना

फ्लॅट बघायला गेलेला माणूस कार्पेट एरिया विचारतो, पार्किंग विचारतो, पाणी किती वाजता येतं ते विचारतो, पण मेन डोअरकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण तेव्हा ते उघडंच असतं. ते लावायची वेळ पझेशननंतर येते. आमचं जून संपता संपता असं काही फुगलं की बाहेर पडताना बायकोने आतून ढकलायचं आणि मी बाहेरून ओढायचं, आणि एवढ्या झटापटीनंतर धाडकन लॅच लागला की समोरच्या काकू डोकावून विचारणार, "भांडलात का रे?"

मिस्त्रीला बोलावलं. त्याने दार ठोकून बघितलं, मान हलवली (एका डॉक्टरने दुसऱ्याचं प्रिस्क्रिप्शन वाचून हलवावी तशी) आणि मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून फोन दाराखाली सरकवला. मला म्हणे, बघा. बघतो तर खालची कड कोरी करकरीत, ना पॉलिश ना प्रायमर. वरचीही तशीच. पुढून चकाचक, आणि जिथे कुणाची नजर जात नाही तिथे लाकूड उघडं. तिथूनच ते दमट हवा पितं, आणि फुगतं ते रुंदीत, उंचीत जवळजवळ नाहीच, म्हणून अडकतं नेमकं लॅचच्या बाजूला. "रंधा मारून देतो साहेब, पण आत्ता मारला तर थंडीत फट पडेल." म्हणजे पावसाळाभर कुस्ती खेळा नाहीतर वर्षभर पाली सांभाळा.

मग नवीनच करायचं ठरलं आणि टिंबर मार्केटची वारी सुरू झाली. मला आपलं वाटायचं साग म्हणजे साग. तिथे पहिलाच प्रश्न, "कुठला पाहिजे? बल्लारशा, सीपी, बर्मा, घाना?" (सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत.) भाव घनफुटात, आणि घाम लिटरमध्ये. दुकानदाराने एका फळीवर थाप मारून सांगितलं, "२०२३ला अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाचाच साग गेला." खरंय ते, मिरवणूक काढून पाठवला होता. पण माझ्या दारात फार तर दूधवाला आणि कुरियरवाला येतो हो, तेही लिफ्ट चालू असेल तर.

शेवटी गाडी फ्लश डोअरवर आली. आत कुठलं तरी लाकूड, वर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा सागाचा पापुद्रा, त्याला म्हणायचं विनियर, आणि पाहुण्यांना सांगायचं 'सागाचं आहे'. आयएस २२०२चा, म्हणजे फ्लश डोअरच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या असं मिस्त्रीने बजावलं होतं, तो बघितला. सहाही बाजूंना पॉलिश मारायचं हे मात्र मी उभं राहून करून घेतलं, मिस्त्रीचा पोरगा वैतागला तरी.

रंगाचं आम्ही घरात बोलत होतो तर काकू म्हणाल्या, "जरा फिका घ्या, दिवसभर आम्हालाच बघायचंय." आणि हे शंभर टक्के बरोबर आहे! पैसे आपले, पॉलिश आपलं, आणि तोंड समोरच्यांकडे. आपल्या वाट्याला आतली बाजू, म्हणजे हेल्मेट, ओल्या छत्र्या आणि एक कॅलेंडर.

उंबरठ्यावरून दोन पक्ष पडले. आई म्हणे उंबरठा नाही ते घर कसलं, हळदकुंकू काय लादीला वाहू? बायको म्हणे झाडूवाला रोबोट अडकतो. तोडगा म्हणून पाऊण इंचाचा केला. तो इतका बुटका आहे की दिसत नाही आणि इतका उंच आहे की प्रत्येकाला ठेच लागते, रोबोट अडकतो तो अडकतोच. सेफ्टी डोअर बाहेर उघडायचं तर ते शेजाऱ्यांच्या चपलांच्या रॅकवर आपटतं, त्यावर सोसायटीची मीटिंग झाली, तो विषय नको.

आणि कुलूप. मुलाच्या हट्टाने फिंगरप्रिंटवालं डिजिटल लॉक घेतलं, सेल संपले तरी उघडायची सोय असलेलं, वर कॅमेऱ्याची बेल. आईचा त्यावर काडीचा विश्वास नाही. "विजेवरचं कुलूप म्हणजे काय कुलूप?" मिस्त्रीकडून तिने परस्पर आतून भरभक्कम पितळी कडी बसवून घेतली आणि रात्री दहाला ती घालते म्हणजे घालतेच. मी उशिरा आलो की अंगठा टेकवतो, हिरवा दिवा लागतो, कुलूप गोड आवाज करून उघडतं आणि दार ढिम्म. मग बेल. कॅमेऱ्यात माझं थोबाड आत अगदी स्पष्ट दिसत असतं, तरी आतून आवाज येतो, "कोणेय?"

"मी."

"मी कोण?"