इलेक्ट्रिक गाडीला शेजारचीच लेन द्या

अमेरिकेतल्या हौशी ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांच्या पाव मैलाच्या शर्यतींत, इलेक्ट्रिक गाड्यांना जागा असावी की नाही, यावर बराच वाद चालतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: जागा असावी, आणि तीही वेगळ्या कोपऱ्यात नव्हे, तर पेट्रोलच्या गाड्यांच्या शेजारच्याच लेनमध्ये. ज्या आक्षेपांवरून सर्वाधिक भांडणे होतात ते मला पटत नाहीत, आणि ज्या एका गोष्टीची खरोखर काळजी करायला हवी तिच्याबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही.

पहिला आक्षेप अन्यायाचा आहे. टेस्लाच्या मॉडेल एस प्लेड या इलेक्ट्रिक गाडीचा पाव मैलाचा कंपनीने सांगितलेला वेळ 9.23 सेकंद आहे, तर घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे खपून उभी केलेली एखादी जुनी शेव्हरोले नोव्हा तेच अंतर कापायला चौदा सेकंद घेते; मग हा सामना कसला, असे विचारले जाते. पण हा प्रश्न विचारणारे एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे हौशी ड्रॅग रेसिंगचा कणा असलेले ब्रॅकेट रेसिंग. त्यात प्रत्येक जण आपली गाडी किती सेकंदांत पळेल तो आकडा, म्हणजे डायल-इन, काचेवर लिहून येतो. दोन आकड्यांत जितका फरक, तितका आधी हिरवा दिवा हळू गाडीला मिळतो. दिव्याआधी सुटलात तर बाद, आणि लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोहोचलात तरीही, समोरच्याने त्याहून मोठी चूक केली नसेल तर, बाद.

नोव्हाने 14.20 लिहिले आणि प्लेडने 9.50, असे धरू. नोव्हा 4.70 सेकंद आधी सुटते. तिच्या चालकाने दिव्याला 0.020 सेकंदात प्रतिसाद दिला आणि गाडी 14.23 मध्ये पळाली, म्हणजे एकूण नुकसान 0.050. प्लेडवाल्याला दिव्यावर 0.070 लागले आणि गाडी 9.51 मध्ये पळाली, म्हणजे नुकसान 0.080. नोव्हा 0.030 सेकंदांनी जिंकली. ताशी 145 मैलांनी मागून येणारी प्लेड त्या क्षणी अंतिम रेषेपासून जेमतेम सहा फुटांवर असेल. या हिशेबात अश्वशक्ती कुठेही येत नाही. येतो तो चालकाचा पाय, डोळा आणि स्वतःच्या गाडीची खरी ओळख.

यावर जाणकार मंडळी पुढचा आणि अधिक वजनदार मुद्दा मांडतात: इलेक्ट्रिक गाडी दर वेळी तोच वेळ देते, आणि ब्रॅकेटमध्ये सातत्य हेच तर सर्वस्व. यात तथ्य आहे. पेट्रोलचे इंजिन हवा ओढते, त्यामुळे तापमान, आर्द्रता आणि उंची बदलली की आकडा बदलतो. डेन्व्हरजवळची बँडिमेर स्पीडवे ही स्ट्रिप, म्हणजे ड्रॅग शर्यतींची धावपट्टी, समुद्रसपाटीपासून सुमारे 5,800 फुटांवर होती. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनांची शक्ती चांगलीच घटायची. म्हणूनच अनेक स्पर्धक स्वतःचे हवामानयंत्र पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या जागेत, बाळगतात. मोटरला या हवेची गरज नाही, हे खरे. पण बॅटरीचे स्वतःचे असे हवामान असते. चार्ज उतरला की व्होल्टेज पडते आणि त्याबरोबर शक्तीही. बॅटरी गार असली तरी बिघडते, फार तापली तरी बिघडते. प्लेडचा ड्रॅग स्ट्रिप मोड बॅटरीला योग्य तापमानाला आणायलाच काही मिनिटे घेतो. 64 गाड्यांच्या स्पर्धेत सहा फेऱ्या होतात, आणि गाड्या निम्म्या निम्म्या होत गेल्याने शेवटच्या फेऱ्यांमधली उसंत आक्रसत जाते. पाचव्या फेरीला बोलावणे आले असताना बॅटरी 60 टक्क्यांवर असेल, तर काचेवर कोणता आकडा लिहायचा, हे ठरवायला अनुभवच लागतो. शिवाय पेडल दाबताच मिळणाऱ्या ताकदीमुळे लाल दिवा, म्हणजे वेळेआधी सुटल्याची खूण, लागण्याची भीतीही वाढते.

आणि यंत्राची मदत या खेळाला नवी आहे का? हिरव्याआधी लागणारा पहिला पिवळा दिवा दिसताच बटण सोडायचे आणि गाडी ठरलेल्या क्षणी आपोआप सुटायची, असा डिले बॉक्स कित्येक वर्षे वापरात आहे. ज्यांना तो नको, त्यांच्यासाठी बॉक्सविना वेगळा वर्ग निघाला. कोणालाही घरी पाठवावे लागले नाही.

आवाजाचे दुःख मी समजू शकतो. मोठ्या व्ही-8 इंजिनाची धडधड छातीत जाणवते, आणि तिची जागा दुसरे काही घेऊ शकत नाही. पण ज्या डॉन गार्लिट्सने नायट्रोमिथेन या जहाल इंधनावर पळणाऱ्या ड्रॅगस्टरचे, म्हणजे फक्त ड्रॅगसाठी बांधलेल्या लांबट गाडीचे, युग घडवले, 1970 मध्ये अपघातात पायाचा काही भाग गमावल्यावर इंजिन चालकाच्या मागे नेऊन जिंकून दाखवले, तोच माणूस 2014 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, इलेक्ट्रिक ड्रॅगस्टरमध्ये बसून ताशी 184 मैलांवर गेला. पोर्टलंडच्या जॉन वेलँडने तर त्याच्या कितीतरी आधी 1972 ची एक छोटी डॅटसन घेऊन तिच्यात मोटर आणि बॅटऱ्या बसवल्या आणि 'व्हाइट झॉम्बी' या नावाने ती पळवली. 2010 मध्ये ती साडेदहा सेकंदांच्या आत पाव मैल गेली. हे हॉट रॉडिंग, म्हणजे जुन्या गाडीत स्वतः फेरफार करून तिला वेगवान करणे, नसेल तर मग कशाला म्हणायचे?

आता खऱ्या काळजीकडे येतो, ती म्हणजे सुरक्षा. प्लेडचे वजन दोन टनांहून अधिक आहे, आणि कित्येक जुन्या स्थानिक स्ट्रिपवर रेषेनंतर थांबायला मिळणारी जागा हलक्या आणि हळू गाड्यांच्या काळातली आहे. दहा सेकंदांच्या आत पळायचे तर रोल केज आणि स्पर्धेचा परवाना हवा, हा एनएचआरएचा, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या प्रमुख संघटनेचा, जुना दंडक. अलीकडच्या मॉडेलांसाठी तो काहीसा सैल झाला असला, तरी पहिल्यांदाच स्ट्रिपवर आलेल्या माणसाच्या हाती नऊ सेकंदांची गाडी असणे हा प्रकार या नियमांनी पूर्वी पाहिलेला नव्हता. लिथियम बॅटरीची आग विझली असे वाटल्यावर पुन्हा भडकू शकते आणि तिला पाणी अतोनात लागते. गाडीतला मुख्य वीजप्रवाह कुठे तोडायचा, अपघातग्रस्त गाडीला हात लावण्याआधी काय तपासायचे, हे स्ट्रिपवरच्या बचाव पथकाला माहीत असलेच पाहिजे. ज्या स्ट्रिपकडे ही तयारी नाही, तिने इलेक्ट्रिक गाड्यांना तूर्त नाही म्हटले, तर मी त्या आयोजकाच्या बाजूने उभा राहीन. मात्र कारण तेच सांगावे. परंपरेची ढाल पुढे करू नये.

डायल-इन नसलेल्या, पहिला पोहोचला तो जिंकला अशा शर्यतींत इलेक्ट्रिकचा वर्ग वेगळा असावा, यावर माझा काहीच वाद नाही.

एनएचआरए 1951 मध्ये स्थापन झाली, तेव्हा रस्त्यावर गाड्या पळवणाऱ्या पोरांना सुरक्षित जागी आणणे हा तिचा एक मोठा हेतू होता. आज विशीतल्या मुलाच्या हाती येणारी वेगवान गाडी इलेक्ट्रिक असण्याची शक्यता वाढत चालली आहे. त्याला फाटकावरून परत पाठवले, तर तो ती गाडी हमरस्त्यावरच पळवून पाहणार. दुसरीकडे स्ट्रिप एकामागून एक बंद होत आहेत: इंग्लिशटाउनची 2018 मध्ये, अटलांटाची 2021 मध्ये, ह्यूस्टनची आणि बँडिमेर 2023 मध्ये. प्रवेश शुल्क भरून येणाऱ्या माणसाला नाकारणे अशा काळात परवडणारे नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न दारात येऊन उभा आहे. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या 'व्हॅली रन'मध्ये 2024 साली अल्ट्राव्हायोलेटच्या एफ99 या इलेक्ट्रिक मोटरसायकलने 10.712 सेकंदांत पाव मैल पार केला. आपल्या ड्रॅग स्पर्धांचे वर्ग मात्र मुख्यतः इंजिनाच्या सीसीवर बेतलेले असतात, आणि मोटरला सीसी नसतो. म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे की वेळ मोजण्याची यंत्रणा हाताशी असताना डायल-इनचा एक वर्ग सुरू करून पाहावा, ज्यात पुण्याचा एखादा मुलगा आपली जुनी एस्टीम घेऊन एखाद्या इलेक्ट्रिक गाडीसमोर बरोबरीने उभा राहू शकेल. त्याआधी धावपट्टीवरच्या अग्निशमन पथकाला उच्चदाबाच्या बॅटरीचे प्रशिक्षण द्यावे, आणि त्याचा खर्च प्रवेश शुल्कात थोडी वाढ करून स्पर्धकांनी मिळून उचलावा.